भूल, भीती आणि आपली सही
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. तेव्हा डॉक्टरीच्या विषयावर मी काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. परंतु ऑपरेशनला आपण बायाच जातो, आणि घरचे कोणी दवाखान्यात असले तर दाराबाहेर बसतोही आपणच. म्हणून थोडे वाचून, थोडे जाणत्यांना विचारून जे समजले ते सांगते.

आपल्याकडे ऑपरेशनपेक्षा भुलीची धास्ती जास्त. "जाग आलीच नाही तर?" हा प्रश्न प्रत्येकीच्या मनात असतो. कित्येकींना वाटते, भुलीचा डॉक्टर सुई टोचतो आणि निघून जातो. तसे नाही. सर्जन पोटाकडे पाहत असतो, तेव्हा भुलीचा डॉक्टर उशाशी बसून आपला श्वास, नाडी आणि रक्तदाब यांवर नजर ठेवतो. ऑपरेशन संपून आपण शुद्धीवर येईपर्यंत त्याची सुटका नाही. भूलही एकच नसते. पूर्ण झोपवणारी वेगळी, मणक्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करणारी वेगळी, आणि नुसता हात वा पाय बधिर करणारी वेगळी.

हा माणूस आदल्या दिवशी पुष्कळ प्रश्न विचारतो. कोणत्या गोळ्या चालू आहेत, दमा आहे का, दात हलतात का, आधी कधी भूल दिली होती का, तंबाखू खाता का. इथेच आपण लपवतो. सासऱ्यांसमोर मिस्रीचे नाव कसे घ्यावे? खर्रा खाते हे कसे सांगावे? बायांनो, ही लाज जिवावर बेतू शकते. सर्वांसमोर सांगता येत नसेल तर डॉक्टरांना बाजूला बोलवा, पण खरे सांगा.

उपाशी राहण्याचेही तसेच. पूर्ण भूल चढली की घशाची राखण थांबते. पोटात अन्न असले तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकते. माझ्या जावेचे पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन होते. "उपाशी पोटी अंगात बळ कसे राहील?" म्हणून घरच्यांनी तिला सकाळी चहा आणि दोन टोस्ट दिले. डॉक्टरीणबाईंनी विचारले तेव्हा तिने खरे ते सांगितले आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. घरची पुरुषमंडळी चिडली. मी म्हणते, एक दिवस वाया गेला, पण धोका टळला.

आता थोडे जुने सांगते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात ईथर हुंगवून लोकांसमोर ऑपरेशन झाले, आणि तोच दिवस आज जगभर भूलदिन म्हणून पाळतात. पुढे क्लोरोफॉर्म आला. तो जपून कसा द्यावा याचा मोठा अभ्यास हैदराबादेत निजामाच्या पैशातून झाला. त्याच काळात तेथे रुपाबाई फर्दुनजी नावाची पारशी बाई रुग्णांना क्लोरोफॉर्म देत असे. जगातील अगदी पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांमध्ये तिची गणना होते. हे आपल्या मुलींना जरूर सांगावे.

बापूंची गोष्ट तर आपल्या जिल्ह्याला जवळची. सेवाग्रामला येण्याच्या बारा वर्षे आधी, १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. ते तेव्हा कैदेत होते. कर्नल मॅडॉक हे इंग्रज सर्जन होते. क्लोरोफॉर्म दिला, काम चालू असता वीज गेली, आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात ते पुरे करावे लागले. पण मला त्याच्या आधीची गोष्ट मोलाची वाटते. श्रीनिवास शास्त्री यांनी संमतीचा कागद लिहिला. बापूंनी दुखण्यातही तो स्वतः वाचला आणि मग थरथरत्या हाताने सही केली.

आपण कागद वाचतो का? माझ्या ओळखीच्या एका बाईच्या कागदावर तिच्या दिराने सही करून टाकली. ती शुद्धीवर होती, तिला लिहिता येत होते, पण तिला कोणी विचारले नाही.

आणि आता कागद दोन प्रकारचे असतात. एक उपचाराचा, दुसरा संशोधनाचा. आपल्या जिल्ह्यात डॉक्टर तयार करणारी दोन मोठी महाविद्यालये आहेत. सुशीलाबहेन नय्यर यांनी १९६९ साली काढलेले सेवाग्रामचे, आणि १९९० साली सुरू झालेले सावंगीचे. तेथे शिकणाऱ्या भुलीच्या डॉक्टरांना प्रबंध लिहावा लागतो. कोणत्या औषधाने वेदना जास्त वेळ थांबतात, कोणत्या सुईने मणक्यातील भुलीनंतर डोके कमी दुखते, अशी तुलना ते करतात. बारीक आणि बोथट टोकाच्या सुईने डोकेदुखी कमी होते, हे अशा तुलनेतूनच कळले.

अतिदक्षता विभागातही असेच. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेली माणसे आपण पाहिली आहेत. त्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, आणि मग यंत्राने श्वास द्यावा लागतो. बारामतीच्या डॉक्टरांनी अशा २०० रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट पाडले. शंभरांना उतारा म्हणून दिले जाणारे औषध दोन दिवस सतत दिले, शंभरांना थांबून थांबून. पहिल्या गटात एक दगावला, दुसऱ्यात आठ. परंतु श्रीलंकेतील अभ्यासात, जो २००९ साली प्रसिद्ध झाला, त्या औषधाचा फायदा दिसला नाही. म्हणजे एका अभ्यासाने सारे ठरत नाही. पुनःपुन्हा पडताळावे लागते, आणि त्यासाठी आपल्यासारखी माणसे लागतात.

म्हणून संशोधन म्हटले की "आमच्यावर प्रयोग करतात" असे ओरडू नये, आणि मुकाट्याने अंगठाही देऊ नये. माहितीचा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत मागावा. वाचता येत नसेल तर दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. विचारावे, "मी नाही म्हटले तर उपचारात फरक पडेल का?" पडता कामा नये. मध्येच बाहेर पडण्याचाही आपल्याला हक्क आहे. रुग्ण बेशुद्ध असेल तर घरच्यांना विचारतात. त्या वेळी दाराबाहेर बसलेली बाई तुम्ही किंवा मीच असू.

एक शेवटची गोष्ट. प्रत्येक संशोधन आधी नीतीविषयक समितीपुढे जाते. त्या समितीत डॉक्टर आणि वकील यांच्याबरोबर एक साधा, डॉक्टरी पेशाबाहेरचा माणूस असावाच लागतो, आणि स्त्रीही असावी लागते. त्या साध्या माणसाने एवढेच विचारायचे असते, "हा कागद माझ्या शेजारणीला समजेल का?" हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आपल्या मंडळातल्या दोघीतिघी तेथे बसण्याच्या लायकीच्या आहेत. मंडळाने येत्या वर्षी दोन्ही रुग्णालयांना पत्र लिहून आपल्या भगिनींची नावे सुचवावीत, अशी माझी सूचना आहे.