खोदलं एक, लिहिलं दुसरंच
इजिप्तचा पंचविसावा राजवंश काळ्या राजांचा होता. इ.स.पूर्व आठव्या शतकात न्युबियातल्या, म्हणजे आजच्या उत्तर सुदानमधल्या, पिये राजाने इजिप्त जिंकला. १९१६ ते १९१९ दरम्यान हार्वर्डच्या जॉर्ज राइसनर यांनी नुरी आणि एल-कुर्रू इथली या राजांची थडगी खणली. नोंदी अत्यंत काटेकोर (आपण शिकाव्यात अशा!). निष्कर्ष मात्र असा, की हे राजे मूळचे लिबियन, उजळ कातडीचे. काळी माणसं राज्य उभारतात, हे त्यांना पटेचना.

पियेचा शिलालेख तर १८६२ मध्येच जेबेल बर्कलला सापडला होता. त्यात राजा स्वतः बोलतो. शरण आलेल्या नेमलोतच्या तबेल्यात जातो, उपाशी घोडे बघतो आणि भडकतो: तुझ्या सगळ्या गुन्ह्यांपेक्षा हा मोठा.