मत्स्यशोधक यंत्राची पारख

(कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत झालेल्या ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपण गाबीत लोक मूळचे दर्याचे. परंतु पोटापाण्यासाठी घाट चढून या वसाहतीत आलेल्या आपल्यापैकी अनेकांचा दिवस आता ओतकामात आणि यंत्रांच्या घरघरीत जातो. येथे बसून समुद्रातील मासे शोधण्याच्या यंत्राविषयी बोलणे कोणास अप्रस्तुत वाटेल. मला तसे वाटत नाही. कारण या यंत्राचे मर्म मला होडीवर उमगले नाही, ते येथल्या फाउंड्रीत उमगले.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंनी वहिनींच्या अंगावरचे डाग गहाण ठेवून होडीवर फिशफाइंडर बसविला. विक्रेत्याने पडद्याचा आकार आणि रंग पुष्कळ वाखाणले. पाण्यात बसणाऱ्या ट्रान्सड्यूसरविषयी अवाक्षर काढले नाही. बंदरात यंत्र झकास चाले. पन्नास-साठ वाव पाण्यात गेले की तळ दिसेनासा होई, आणि होडीने वेग घेतला की पडद्यावर नुसते ठिपके उरत. त्या हंगामात डाग सुटले नाहीत. घरी सर्वांनी यंत्राला दोष दिला. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता.

ओतीव तुकड्यात पोकळी आहे की नाही, हे आपण येथे कसे तपासतो? प्रोब टेकवून ध्वनिलहरी आत सोडतो आणि परत येणारा पडसाद पाहतो. मासे शोधणारे यंत्र हेच करते. खाऱ्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. पडसाद परतण्यास लागलेल्या वेळाच्या निम्म्यावरून खोली निघते. माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून पडसाद जोरात उठतो. म्हणून घोळीसारखा मासा स्पष्ट दिसतो आणि तशी पिशवी नसलेली मुशी फिकट दिसते. जपानात नागासाकी येथे फुरुनो बंधूंनी 1948 साली हे तत्त्व मासेमारीच्या व्यवहारात आणले.

आता पहिला प्रश्न कंपनसंख्येचा. भरड कणांच्या बिडाला आपण कमी कंपनसंख्येचा प्रोब घेतो, कारण उंच कंपनसंख्येच्या लहरी त्यात विरून जातात. समुद्रातही तसेच आहे. खाऱ्या पाण्यात विरघळलेले मॅग्नेशियम सल्फेट या उंच लहरी शोषून घेते. म्हणून तळ्यात दूरवर पोहोचणारे यंत्र दर्यात लवकर थकते. 200 किलोहर्ट्झची लहर साडेसात मिलिमीटरांची. ती बारीक तपशील दाखविते, पण फार खोल जात नाही. 50 किलोहर्ट्झची लहर तीन सेंटिमीटरांची. ती खोल जाते, पण चित्र ढोबळ देते. शिवाय पहिलीचा झोत साधारणतः अरुंद, दुसरीचा रुंद. चाळीस मीटर पाण्यात बारा अंशांचा झोत तळावर सुमारे आठ मीटर रुंदीचा भाग पाहतो, तर पंचेचाळीस अंशांचा झोत तेहतीस मीटरांचा. किनाऱ्यालगत बांगडा-तारलीच्या मागे जाणाऱ्याने उंच कंपनसंख्या घ्यावी. खोल पाण्यात गळ टाकणाऱ्याने दोन्ही असलेला ट्रान्सड्यूसर घ्यावा. अनेक कंपनसंख्या एकाच दमात फिरविणारी ‘चर्प’ पद्धतीची यंत्रे जवळजवळचे मासे वेगळे दाखवितात. परंतु त्यांना ट्रान्सड्यूसरही त्याच जातीचा लागतो. यंत्राची शक्ती आणि ट्रान्सड्यूसरची शक्ती यांचा मेळ नसेल, तर वाढीव वॅटचे पैसे पाण्यात गेले म्हणून समजावे.

दुसरा प्रश्न बसविण्याचा. प्रोबखाली आपण जेल का लावतो? हवेचा पातळ थरही ध्वनीची वाट अडवितो म्हणून. होडीखालचे बुडबुडे हेच करतात. बंधूंचा ट्रान्सड्यूसर एका फळीच्या कडेमागे, फेसाच्या वाटेत बसविला होता. तो पंख्यापासून दूर, पुढच्या बाजूस, जेथे पाणी सलग वाहते तेथे, तोंड सरळ तळाकडे करून बसवावा. बूड उतरते असेल तर ठोकळा देऊन समतल करावा. लाकडी होडीस पितळी जातीचा, म्हणजे ब्राँझचा, ट्रान्सड्यूसर चांगला. भिजून फुगणारे लाकूड प्लॅस्टिकची दांडी तोडू शकते. पोलादी बुडाला मात्र ब्राँझ लावू नये. खाऱ्या पाण्यात दोन धातूंची गाठ पडली की गंज वेगाने चढतो. फायबरच्या होडीत तो आतूनही बसविता येतो. मात्र तेथील फायबर भरीव हवे, मध्ये फोम किंवा हवा नको. त्याची केबल इंजिनाच्या तारांपासून दूर न्यावी, कापू नये, आणि तोंडावर शेवाळ व शिंपले जमू देऊ नयेत.

तिसरा प्रश्न यंत्र लावण्याचा. प्रथम पाण्याचा प्रकार ‘खारे’ असा ठेवावा. ‘गोडे’ ठेवल्यास खोली खऱ्याहून कमी दिसते. मग एकक पाहावे. आपले तांडेल वावात मोजतात आणि पडदा फुटांत किंवा मीटरांत सांगतो. या गोंधळात जाळे खडकात अडकते. संवेदनशीलता पडद्यावर ठिपके उमटेपर्यंत वाढवावी आणि मग किंचित उतरवावी. ठिपके नकोत म्हणून ती फारच उतरविली, तर ठिपक्यांबरोबर मासेही जातात. तळाची रेघ जाड आणि लांब शेपटीची दिसली तर खडक, पातळ दिसली तर चिखल समजावा. आणि एक गोष्ट कधी विसरू नये: पडद्याची उजवी कड आताची असते, डावीकडचे सर्व मागे पडलेले असते. जो मासा तेथे दिसतो, तो पुढे नसतो.

पुढे मी सुट्टीत घरी गेलो. पावसाळी बंदीत होडी वर ओढलेली होती. आम्ही दोघा भावांनी तिचे बूड तपासले, ट्रान्सड्यूसर बदलला, जागा बदलली; पडदा तोच ठेवला. पुढच्या हंगामात डाग सुटले. मधल्या वर्षाचे व्याज मात्र भरावेच लागले.

बंधुभगिनींनो, यंत्र मासा पकडत नाही. जाळे कोठे टाकावे हे शेवटी तांडेलाच्या डोक्यानेच ठरते. परंतु ज्या विद्येवर आपण येथे पगार घेतो, तीच विद्या घाटाखाली भावांना कर्ज काढून, चुका करून शिकावी लागते, ही आपल्याला शोभणारी गोष्ट नव्हे. येत्या पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेपूर्वी, आपल्यापैकी प्रत्येकाने गावी एकेक होडी तपासावी आणि यंत्र विकत घेण्याआधी चार शब्द सांगावेत, एवढीच माझी विनंती आहे. घाटावर आलो म्हणून दर्याचे ऋण फिटले असे होत नाही.