राजापूरची वखार आणि पन्हाळ्याखालचें निशाण



व्यापारी कोणाचा, हा प्रश्न शांततेच्या काळांत कोणी विचारीत नाहीं. जुन्नरजवळचा नाणेघाट घ्या, किंवा आंबेगांव तालुक्यांतून भीमाशंकराच्या बाजूनें कोकणांत उतरणाऱ्या वाटा घ्या. ज्याचा अंमल त्याची जकात भरावी आणि माल पुढें न्यावा, हाच तेथील शतकानुशतकांचा रिवाज. युद्ध पेटलें म्हणजे मात्र प्रत्येक पेढीकडे संशयानें पाहिलें जातें. तो संशय खरा कीं खोटा हें ठरवावें कसें? याचें एक बोलकें उदाहरण जुन्नरच्या शिवनेरीवर जन्मलेल्या शिवछत्रपतींच्या चरित्रांत सांपडतें.

१६५७ सालीं महाराजांनीं रात्रीं तटाला शिड्या लावून जुन्नर लुटलें. तेथें विचार करण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. ठाणें मोगलांचें, म्हणजे उघड शत्रूचें होतें. राजापूरचा प्रश्न याहून अवघड होता. राजापूर हें आदिलशाहींतील बंदर. तेथें इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती व हेन्री रेव्हिंग्टन हा तिचा प्रमुख होता. आपण केवळ व्यापारी, कोणाच्या भांडणांत आपण नाहीं, अशी या मंडळींची भूमिका.

१६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला. महाराज गडावर अडकले होते. अशा वेळीं रेव्हिंग्टन कांहीं सहकाऱ्यांसह उखळी तोफ व दारूगोळा घेऊन जौहराच्या छावणींत गेला आणि गडावर गोळे टाकले. तेहि इंग्रजांचें निशाण उभारून! महाराजांचें हेरखातें विख्यात होतें, बहिर्जी नाइकाचें नांव आजहि घरोघरीं ठाऊक आहे. पण येथें हेराची गरजच उरली नाहीं. गडावरच्या साध्या पहारेकऱ्यालाहि तें निशाण दिसत होतें.

जुलै महिन्यांत महाराज वेढ्यांतून निसटले. पुढील वर्षीं, १६६१ च्या मार्चांत, मराठी फौज राजापुरावर आली. वखार खणून काढण्यांत आली. रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैद झाले आणि १६६३ च्या आरंभापर्यंत कैदेंतच राहिले.

हा न्याय होता कीं नुसता सूड? याचें उत्तर कंपनीच्याच दप्तरांत आहे. सुटकेसाठीं तक्रारी करणाऱ्या या कैद्यांना सुरतेच्या वरिष्ठांनीं १६६२ सालीं खरमरीत पत्र लिहिलें. त्याचा मथितार्थ असा कीं, तुम्ही कैदेंत आहां तें कंपनीच्या मालाचें रक्षण केल्यामुळें नव्हे, तर पन्हाळ्याच्या वेढ्यांत जाऊन इंग्रजांच्या निशाणाखालीं गोळे टाकल्यामुळें. आरोपीच्या धन्यानेंच आरोप खरा म्हणावा, याहून बळकट पुरावा कोणता?

पण गोष्ट इतक्यावर संपत नाहीं. राजापुरांतील इतर सावकारांनाहि त्या स्वारीची झळ लागली, आणि त्यांनीं कांहीं पन्हाळ्यावर तोफ डागली नव्हती. शिवाय चाकरांच्या अपराधासाठीं महाराजांनीं कंपनीशीं संबंध कायमचा तोडला नाहीं. १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या प्रसंगीं हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हां राजापूरच्या नुकसानीबद्दल १० हजार होन देण्याचें तहांत ठरलें. अपराध्याला शासन झालें, पण व्यापाराचा मार्ग मोकळा ठेवला.

कालाचा महिमा असा कीं, पुढें हाच प्रश्न इंग्रजांपुढें आला. पहिल्या महायुद्धांत त्यांनीं तटस्थ देशांचें टपाल उघडून पाहिलें, आणि १९१६ च्या जुलैंत शत्रूशीं संबंध असल्याच्या संशयावरून ऐंशींहून अधिक अमेरिकन व्यक्ति व पेढ्या काळ्या यादींत घातल्या. अमेरिका तेव्हां तटस्थ होती. तिनें तीव्र निषेध केला. राजापुरास निशाण डोळ्यांनीं दिसलें होतें. येथें पुष्कळसा भार पत्रव्यवहारावर आणि तर्कावर होता.

दोन्ही उदाहरणांतून एकच कसोटी हातीं येते. पेढीचा मालक कोणत्या जातीचा वा देशाचा, हें पाहून भागत नाहीं. तिनें प्रत्यक्ष काय केलें, कोणाच्या हुकमानें केलें, आणि शिक्षा त्याच्यापुरतीच राहिली कीं शेजारच्या दुकानावरहि कोसळली, हें विचारलें पाहिजे. हेराची बातमी ही चौकशीची सुरुवात असते. तिलाच निकाल समजणारें राज्य शत्रूपेक्षां आपल्याच बाजारपेठेचें अधिक नुकसान करतें.