विहिरीवरचं जुनं इंजिन : दुरुस्ती आणि सुट्या भागांची निवड



आज आपण बियाण्याचं किंवा खताचं बोलणार नाही. तुमच्या विहिरीशेजारच्या खोपीत, पोत्याखाली झाकून ठेवलेलं जे जुनं डिझेल इंजिन आहे, त्याच्याविषयी बोलणार आहोत. विजेची मोटर आली आणि इंजिन कोपऱ्यात गेलं. कुणी त्याच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या, कुणाच्या कोंबड्या त्यावर बसायला लागल्या. भंगारवाला दर महिन्याला येऊन विचारतो, "देता का?" तेव्हा द्यायचं का ठेवायचं, आणि ठेवायचं तर दुरुस्त कसं करायचं, एवढाच आजचा विषय.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या आजोबांनी घेतलेलं 5 अश्वशक्तीचं, पाण्यानं थंड होणारं इंजिन आमच्या विहिरीवर आहे. ऐन चैत्रात डीपी जळाली. उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा भरायची वेळ. थोरले बंधू म्हणाले, "इंजिन आहे की, घाबरायचं काय?" टाकीत डिझेल ओतलं, हँडल लावलं, तर फ्लायव्हील तसूभर हलेना. पिस्टन गंजून चिकटला होता. सहाव्या दिवशी शेजाऱ्यांचं इंजिन मिळालं, तोवर शेंगा पोचट राहिल्या त्या राहिल्याच. मी शेतीचा पदवीधर, गावोगाव सल्ला देत फिरणारा, आणि माझ्याच घरचं इंजिन बंद! म्हणून सांगतो, दुरुस्ती गरजेच्या दिवशी होत नाही. ती पाऊसकाळात, हातात वेळ असताना करायची.

दुरुस्त करावं की विकावं?

आज बऱ्याच ठिकाणी सौर पंप आले आहेत. केंद्राची पीएम-कुसुम योजना 2019 साली सुरू झाली, तिच्यातून पुष्कळांना पंप मिळाले. ज्यांच्याकडे सौर पंप किंवा खात्रीची वीज आहे, त्यांनी इंजिन रोज चालवायचा विचार करू नये, डिझेल परवडणार नाही. पण अडीअडचणीला, ढगाळ आठवड्यात किंवा डीपी जळाल्यावर उभं पीक वाचवायला इंजिनासारखा सोबती नाही.

खर्च करण्याआधी तीन गोष्टी पाहा. ब्लॉकला तडा आहे का, क्रँकशाफ्ट वाकला किंवा खोल चरे पडले आहेत का, आणि त्या मॉडेलचे सुटे भाग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी मिळतात का. ब्लॉकच फुटला असेल, तर मोह सोडा. बाकी पिस्टन, लायनर, रिंगा, बेअरिंग, नोझल हे झिजण्यासाठीच असतात आणि बदलता येतात.

आपल्याकडे मुख्यतः दोन जातींची इंजिनं दिसतात. एक संथ गतीची, मोठ्या जड फ्लायव्हीलची, मिनिटाला 650 किंवा 850 फेरे घेणारी. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवर ती राजकोटकडे पुष्कळ बनली. दुसरी मिनिटाला 1500 फेऱ्यांची. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 सालची. तिचं 5 अश्वशक्तीचं, म्हणजे 3.7 किलोवॅटचं एव्ही-1 इंजिन अनेकांनी पाहिलं असेल. त्याच्या सिलिंडरचा व्यास 80 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 110 मिलिमीटर. ह्या दोन जातींचे भाग एकमेकांना चालत नाहीत. म्हणून पहिलं काम म्हणजे इंजिनावरची पाटी रॉकेलनं पुसून मॉडेल, नंबर, अश्वशक्ती आणि फेरे वहीत उतरून घेणं. दुकानात "पाच हॉर्सचं इंजिन आहे" एवढंच सांगितलं, तर मिळेल तो माल घेऊन यावं लागतं.

चिकटलेलं इंजिन मोकळं करणं

फ्लायव्हील हलत नसेल तर लांब पहार घालून चार जणांनी लोंबकळू नका. त्यानं कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढा. त्या भोकातून किंवा हेड उतरवून पिस्टनवर निम्मं डिझेल आणि निम्मं इंजिन ऑइल असं मिश्रण ओता. तीन-चार दिवस मुरू द्या. मग फ्लायव्हील हातानं थोडं पुढं, थोडं मागं असं हलवून पाहा. ठोकायचीच वेळ आली, तर पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोका, लोखंडी घण लावू नका. मोकळं झालं तरी लगेच चालू करू नका. गंजाचे कण लायनर खातात. सगळं उघडून, पुसून, मोजूनच जोडा.

माप घेतल्याशिवाय भाग घेऊ नये

इथं आमच्या घरी दुसरी चूक झाली. इंजिन मोकळं झालं, बंधूंनी बाजारातून साध्या मापाच्या रिंगा आणल्या आणि बसवल्या. इंजिन चालू झालं, पण निळा धूर, आणि ऑइल तर पाण्यासारखं पिऊ लागलं. शेवटी लेथवाल्या मिस्त्रींनी मायक्रोमीटर लावला आणि विचारलं, "साहेब, हे पूर्वी एकदा बोअर केलंय, तुम्हाला माहीत नव्हतं का?" नव्हतं. आजोबांच्या काळात सिलिंडर 0.50 मिलिमीटरनं मोठा केला होता. सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा म्हणजे त्याचा घेर दीड मिलिमीटरहून जास्त वाढतो. तेवढी फट रिंगेच्या दोन टोकांत पडली. 80 मिलिमीटरच्या सिलिंडरला ही फट साधारण 0.30 मिलिमीटर हवी, आमच्याकडे ती दोन मिलिमीटरच्या घरात गेली. दुकानदाराचा दोष नव्हता, मोजलं नाही हा आमचा दोष. रिंगांचे पैसे आणि मजुरी, दोन्ही पाण्यात गेलं.

तेव्हा नियम लक्षात ठेवा :

1. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, आडवा-उभा दोन्हीकडून मोजा. वरच्या भागात झीज जास्त असते.
2. लायनर बदलता येत असेल, तर लायनर, पिस्टन आणि रिंगा एकाच मापाच्या, जोडीनं घ्या. बोअर करायचं असेल, तर आधी पिस्टन घ्या आणि त्या पिस्टनच्या मापानं बोअर करून घ्या.
3. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी ती एकटी सिलिंडरात सरळ बसवून फीलर गेजनं टोकांतली फट पाहा. बसवताना सगळ्या रिंगांची तोंडं एका रेषेत आणू नका, फिरवून ठेवा.
4. क्रँक घासून घेतला, तर जितका घासला तितक्याच कमी मापाचं, म्हणजे 0.25 किंवा 0.50 चं, बेअरिंग घ्या. बेअरिंगखाली कागद किंवा पत्रा घालून भागवणारा मिस्त्री तुमच्या क्रँकचा शत्रू समजा.
5. काही जुन्या संथ इंजिनांत बिडाचा पिस्टन असतो. त्याऐवजी ॲल्युमिनियमचा घालायचा झाला, तर तो तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून फट जास्त लागते. वजनही कमी असल्यानं इंजिनाचा तोल बदलतो. बसतंय म्हणून घातलं असं करू नका.
6. हेडची जुनी गॅस्केट पुन्हा वापरू नका आणि नवी त्याच जाडीची घ्या. हेड बसवताना पिस्टनवर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवून, हेड आवळून, इंजिन हातानं एक फेरा फिरवा. मग हेड काढून दबलेल्या तारेची जाडी मोजा. ती पुस्तकातल्या आकड्याशी जुळली पाहिजे. कमी असेल तर पिस्टन हेडला आपटेल, जास्त असेल तर दाब कमी पडून इंजिन चालू व्हायला त्रास देईल.

नोझलचंही तसंच. 1500 फेऱ्यांच्या एव्ही-1 सारख्या इंजिनाचं नोझल साधारण 200 किलो दाबाला उघडतं. संथ लिस्टर जातीचं त्याहून बऱ्याच कमी दाबाला. दिसायला सारखं म्हणून एकाचं दुसऱ्याला लावू नका.

भाग घेताना जुना तुकडा सोबत न्या. पाकिटावरचा पार्ट नंबर पाहा, छपाई फिकट किंवा शब्द चुकलेले असतील तर संशय घ्या. मोजपट्टी लावा, वजन तोलून पाहा, आणि पक्की पावती मागा. रिंगा, बेअरिंग आणि नोझल ह्यांत स्वस्त माल घेऊ नये. टाकी, सायलेन्सर, पाण्याचे पाइप, पुली हे मात्र चांगल्या स्थितीत असतील तर जुन्या बाजारातले खुशाल घ्या.

पुलीचा हिशोब

इंजिन बदललं आणि पुली तीच ठेवली, असं पुष्कळदा घडतं. हिशोब सोपा आहे. इंजिनाची पुली गुणिले इंजिनाचे फेरे, बरोबर पंपाची पुली गुणिले पंपाचे फेरे. समजा पंपाला 1500 फेरे हवेत आणि त्याची पुली 6 इंची आहे. 850 फेऱ्यांच्या इंजिनाला साडेदहा इंचांहून किंचित मोठी पुली लागेल. तेच 650 फेऱ्यांच्या इंजिनाला जवळजवळ 14 इंची. आता ही 14 इंची पुली कुणी 1500 फेऱ्यांच्या इंजिनावर चढवली, तर पंप 3500 फेरे घेऊ लागेल. पंपाचा वेग दुप्पट झाला की त्याला ताकद आठपट लागते. मग इंजिन काळा धूर ओकतं, पंपाचा पंखा फुटतो, आणि आपण म्हणतो इंजिनात दम नाही.

पहिल्यांदा चालू करताना

टाकी आणि फिल्टर स्वच्छ करा, जुनं डिझेल फेकून द्या. डिझेलच्या नळीतली हवा फिल्टरपासून नोझलपर्यंत क्रमानं काढा. फुगे बंद होऊन अखंड धार आली पाहिजे. ऑइल नवं घाला. पंपाची रॅक आणि गव्हर्नर हातानं सहज सरकतात ना, हे पाहिल्याशिवाय हँडल मारू नका. रॅक अडकली तर इंजिन सुसाट सुटतं. तसं झालंच तर डिझेल तोडा आणि हवा घेण्याच्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरा. हात लावू नका.

पहिला तासभर हलक्या भारावर चालवा. थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळा आणि टॅपेटची फट तपासा. साधारण 50 तासांनी ऑइल बदला. धूर वाचायला शिका. काळा म्हणजे भार जास्त किंवा हवेचा फिल्टर तुंबलेला. निळा म्हणजे ऑइल जळतंय. चालू करताना थोडा पांढरा चालेल, पण इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला तर दाब, नोझल किंवा पाण्याची गळती पाहा.

डिझेलचा हिशोबही ठेवा. टाकी काठोकाठ भरा, पूर्ण भारावर तासभर चालवा, मग मापानं पुन्हा भरा. 5 अश्वशक्तीचं निरोगी इंजिन तासाला एक ते सव्वा लिटर घेतं. तुमचं पावणेदोन लिटर घेत असेल, तर हंगामात 300 तासांमागे दीडशे लिटर डिझेल धुरात जातं. त्यात दुरुस्तीचा बराच खर्च निघाला असता.

जिवाची काळजी

शेवटचं, पण सर्वांत महत्त्वाचं. पाणी खोल गेलं म्हणून इंजिन विहिरीत उतरवून किंवा दार लावलेल्या खोलीत चालवू नका. धुरातला विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि उतरलेला माणूस वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. नोझलची फवारणी तपासताना समोर हात धरू नका. त्या दाबानं डिझेल कातडीतून आत शिरतं. टाचणी टोचल्याएवढी जखम दिसली तरी घरगुती इलाज न करता ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा, नाहीतर बोट, हात गमावायची पाळी येते. पट्ट्याला जाळी लावा. धोतराचा सोगा, पदर, गळ्यातला पंचा आवरून, खोचूनच इंजिनाजवळ जा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे उलटा झटका आला तरी हात सुटतो.

मंडळी, दुरुस्त झालेलं इंजिन पुन्हा पोत्याखाली झाकून विसरू नका. महिन्यातून एकदा अर्धा तास, पाणी चालू ठेवून, भारावर चालवा. आमच्या घरी आता अमावास्येला इंजिन चालवायचं असं आईनंच ठरवून टाकलंय. परवाच्या उन्हाळ्यात पुन्हा तीन दिवस वीज नव्हती. बंधूंनी दुसऱ्या हँडलला इंजिन सुरू केलं, आणि भुईमुगाचं पाणी एक दिवसही चुकलं नाही.

तुम्हीही हा पाऊसकाळ वाया घालवू नका. आजच पोतं काढा, पाटी पुसा, नंबर उतरून घ्या. अडचण आली तर आपल्या भागातल्या कृषी विभागाच्या लोकांना किंवा जाणत्या मिस्त्रींना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.