दहा सेकंदांचा हिशेब



सर्वांत लौकर आटोपणारा खेळ कोणता, असें कोणी विचारल्यास शंभर मीटरांची धांव हेंच उत्तर द्यावें लागेल. कुस्ती रंगत जाते, क्रिकेट दिवसचे दिवस चालतें; पण ही शर्यत पाहावयास बसलेला गृहस्थ चष्मा पुसूं लागला, तर तो पुसून होण्याच्या आंत ती संपलेली असते. एवढ्याशा काळासाठीं मोठमोठीं राष्ट्रें वर्षानुवर्षें खटपट कां करतात, आणि आपल्या मुलखाचा त्या खटपटींत कितपत वाटा आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

वेग ही जन्मजात देणगी होय, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो खोटा नाहीं. पण अपुरा आहे. या शर्यतीचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसतें, कीं चपळ पायांखेरीज तिला आणखी दोन गोष्टी लागतात : सपाट जमीन आणि खरें माप. पाय निसर्ग देतो. या दोन गोष्टी समाजाला द्याव्या लागतात.

ग्रीस देशांतील ऑलिंपिया येथें इ. स. पूर्वीं ७७६ या वर्षीं एलिसचा कोरोइबस विजयी झाला, ही या खेळाची पहिली नोंद समजतात. तो पेशानें स्वयंपाकी होता, असें परंपरा सांगते. शर्यत क्रीडांगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे सुमारें १९२ मीटरांची असे. धांवणारांनीं पायाचीं बोटें रोवून उभें राहावें म्हणून तेथें दगडी पट्टी बसविलेली होती, व तिच्यांतील खाचा आजही पाहावयास मिळतात. आरंभ सर्वांस सारखा असावा, ही न्यायबुद्धि इतकी जुनी आहे.

१८९६ सालीं अथेन्स येथें ऑलिंपिक सामने नव्यानें सुरू झाले, तेव्हां अमेरिकेच्या थॉमस बर्कनें शंभर मीटरांची शर्यत १२ सेकंदांत जिंकली. जमिनीला हात टेकून, ओणवें होऊन सुटण्याची त्याची रीत पुढें सर्वांनीं उचलली. पायाला आधार हवा म्हणून खेळाडू खुरपीनें जमिनींत खळगे खणीत. १९३६ सालीं बर्लिन येथें चार सुवर्णपदकें मिळविणाऱ्या जेसी ओवेन्सनेंही तसेच खळगे खणले होते. आधाराचे ठोकळे ऑलिंपिकमध्यें आले, ते १९४८ सालीं लंडन येथें. त्याच ठिकाणीं शंभर मीटरांचा निकाल नुसत्या डोळ्यांनीं लागेना. अखेर छायाचित्र पाहून हॅरिसन डिलर्ड विजयी ठरला. आणि त्याच सामन्यांत हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन या तीस वर्षांच्या, दोन मुलांच्या आईनें चार सुवर्णपदकें जिंकलीं, हें घरोघरच्या आईबापांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें १९६८ सालीं मेक्सिको येथें कोळशाच्या राखेचा मार्ग जाऊन कृत्रिम मार्ग आला, आणि जिम हाइन्सची वेळ विजेच्या घड्याळावर ९.९५ सेकंद भरली. १९७७ पासून जागतिक विक्रमासाठीं हातांतील घड्याळ बाद झालें. २००९ सालीं बर्लिन येथें जमैकाच्या उसेन बोल्टनें ९.५८ सेकंदांत अंतर तोडलें. २०२४ सालीं पॅरिस येथें अमेरिकेचा नोआ लाइल्स व जमैकाचा किशेन थॉम्प्सन या दोघांचीही वेळ ९.७९ आली, सूक्ष्म मापन केल्यावर लाइल्स एका सेकंदाच्या पांच सहस्रांश भागानें पुढें निघाला. पापणी लवण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो!

खरें माप म्हणजे केवळ खरें घड्याळ नव्हे. पाठीमागून वाहणारा वारा सेकंदास दोन मीटरांहून अधिक वेगाचा असेल, तर त्या धांवेचा विक्रम मानीत नाहींत. १९८८ सालीं सोल येथें कॅनडाचा बेन जॉन्सन ९.७९ सेकंदांत पहिला आला. परंतु त्यानें निषिद्ध औषध घेतल्याचें तपासणींत आढळलें, व पदक काढून घेण्यांत आलें. उसना वारा व उसनें बळ, दोन्हीही या हिशेबांत चालत नाहींत.

आतां आपल्याकडे वळूं. कलकत्त्यांत जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड १९०० सालीं पॅरिस येथें २०० मीटरांच्या धांवेंत आणि २०० मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत दुसरा आला. पुढें १९२० सालीं अँटवर्पला हिंदी खेळाडू गेले, त्याचें मूळ पुण्यांत आहे. तेथील डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत शेतकरी तरुण अनवाणी धांवतांना पाहून सर दोराबजी टाटा यांनीं त्यांना पाठविण्याची खटपट केली. त्यांपैकीं बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतींत एकोणिसावे आले. लांबच्या धांवेला रस्ता आणि दम पुरे होतो; तो आमच्या खेड्यापाड्यांतून होताच. जवळच्या धांवेचा मनुष्य तयार होण्यास आणखी तीस वर्षें लागली.

तो तयार झाला मुंबईंत. मार्च १९५१ मध्यें दिल्लीस पहिले आशियाई सामने भरले. त्यांत मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनीं शंभर मीटर १०.८ सेकंदांत आणि दोनशें मीटर २२ सेकंदांत जिंकून दोन सुवर्णपदकें मिळविलीं. मुलींच्या शंभर मीटरांत मुंबईच्याच रोशन मिस्त्री दुसऱ्या, तर दोनशें मीटरांत मेरी डिसोझा तिसऱ्या आल्या. मेरी डिसोझा १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें धांवल्या, आणि १९५४ सालीं मनिला येथें क्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसोझा व व्हायोलेट पीटर्स यांच्यासह त्यांनीं चार गुणिले शंभर मीटरांचें सुवर्णपदक आणलें. मुंबईकरांचे पाय इतरांहून निराळे असतात काय? तसें नव्हे. त्या शहरांत मैदानें होतीं, जिमखाने होते, शाळाशाळांतून वार्षिक सामने होत, आणि घड्याळ घेऊन उभा राहणारा जाणता मनुष्य मिळत होता.

या ठिकाणीं एक हिशेब पाहा. पिंटो यांची वेळ १०.८ होती, आणि पुढच्याच वर्षीं हेलसिंकीस अमेरिकेचा लिंडी रेमिजिनो १०.४ सेकंदांत जिंकला. म्हणजे अंतर चार दशांशांचें. २०२५ सालीं ओडिशाकडून खेळणाऱ्या अनिमेष कुजूर यानें १०.१८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पॅरिसची जिंकणारी वेळ ९.७९ होती. अंतर पुन्हा जवळजवळ चार दशांशांचेंच! जुन्या-नव्या घड्याळांतील भेद लक्षांत घेऊनही अर्थ स्पष्ट आहे. आपण पुढें सरकलों. पण जगही तेवढेंच सरकलें. पिंटो यांच्यानंतर, २०२३ सालीं हांगचौ येथें झालेल्या सामन्यांपर्यंत, एकाही भारतीय पुरुषानें आशियाई शंभर मीटरांचें सुवर्णपदक मिळविलें नव्हतें. आणि थोडक्याचें दुःख काय असतें, तें पी. टी. उषा यांनीं दाखविलें आहे : १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें चारशें मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत त्यांचें पदक एका सेकंदाच्या शतांश भागानें हुकलें.

मी राहतों तो कोयनेचा मुलूख डोंगरी. भाताचीं खाचरें पायऱ्यांसारखीं उतरत जातात, आणि पावसाळ्याचे चार महिने मैदान म्हणजे चिखल. लहान शाळांतून शर्यत लावावयाची, तर पटांगण पुरत नाहीं, म्हणून पोरें टोकाच्या दगडाला वळसा घालून परत येतात. मास्तर रुमाल खालीं आणतात, आणि पहिला कोण तें डोळ्यांनीं ठरतें. मजा पुष्कळ येते, टाळ्याही पडतात. परंतु त्यांत कोणाचा वेग किती, हें कोणालाच कळत नाहीं. याच सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांतल्या मोही गांवची ललिता बाबर २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें तीन हजार मीटरांच्या स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतींत धांवून दहावी आली. दम आमच्या मातींत आहे, हें तिनें सिद्ध केलें. वेगही असेल; पण तो मोजणार कोण?

याला फार मोठा खर्च लागतो, असेंही नाहीं. धांवण्याची एक पट्टी १.२२ मीटर रुंद असते. चार मुलांसाठीं पांच मीटर रुंदी धरा. शंभर मीटर शर्यतीचे, दहा मीटर मागें उभें राहण्यास, वीस मीटर पुढें वेग आवरण्यास, मिळून १३० मीटर लांबी. एकंदर क्षेत्र साडेसहा गुंठे भरतें. त्यावर चुन्याच्या रेघा, मोजण्याची फीत, दोन चांगलीं घड्याळें आणि एक वही. प्रत्येक मुलाची व मुलीची वेळ तारीखवार त्या वहींत लिहिली, म्हणजे चार वर्षांत त्या गांवाला आपल्या पायांची किंमत कळूं लागेल. कृत्रिम मार्ग आणि मोठे शिक्षक त्यानंतरची पायरी आहे. पण वही नसेल तर तेथें कोणाला पाठवावें, हेंच उमगणार नाहीं.

पॅरिस येथें २०२४ सालीं स्त्रियांची शंभर मीटरांची शर्यत सेंट ल्युशिया या बेटाच्या जुलियन आल्फ्रेडनें १०.७२ सेकंदांत जिंकली. त्या देशाचें तें पहिलेंच ऑलिंपिक पदक. बेटाची वस्ती दोन लाखांहूनही कमी. आमच्या सातारा जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेंत तीस लाख होती. तेव्हां माणसांची वाण आहे, असें म्हणावयास जागा नाहीं.

शहरांतील सुशिक्षित श्रोत्यांना माझी विनंति एवढीच, कीं आपल्या मुलांच्या शाळेची चौकशी करतांना गुणांचे आंकडे जसे विचारतां, तसेंच तेथें शंभर मीटर सरळ जमीन आहे काय, हेंही विचारावें. इमारत वाढवितांना मैदानाचा तुकडा जात असेल, तर पालकांनीं त्याबद्दल वेळींच बोलावें. कारण एकदां गेलेली सरळ रेघ पुन्हां आंखतां येत नाहीं.