महाविद्यालयांतील मनाची काळजी

सोलापुराहून विजापुराकडे जाणाऱ्या सडकेवर, भीमेच्या अलीकडे, मंद्रूप हें गांव आहे. भोंवतीं काळी जमीन, शाळूची ज्वारी, कोठें ऊस तर कोठें द्राक्षाचा मळा. पाऊस मात्र बेभरंवशाचा. ह्याच दक्षिण सोलापूर तालुक्यांत, भीमा आणि सीना ह्यांच्या संगमावर, हत्तरसंग-कुडल येथें शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, शिलालेख आहे. मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. हा लेख जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचें वचन त्यांत कोरलेलें आहे. वाचणाऱ्याला हजार वर्षांपूर्वीं असा आशीर्वाद देणाऱ्या ह्या मुलुखांत, आज वाचावयास बसलेल्या मुलाच्या मनाची स्थिति काय आहे, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं.

मंद्रूपला महाविद्यालय झाल्यामुळें आसपासच्या खेड्यांतील मुलांना, विशेषतः मुलींना, घराजवळ पदवीचें शिक्षण घेतां येऊं लागलें, ही सोय लहान नव्हे. परंतु येथें येणारा विद्यार्थी पुष्कळदां आपल्या घराण्यांतील महाविद्यालयाची पायरी चढणारा पहिलाच असतो. हा मुलूख सीमेवरचा. त्यामुळें कित्येकांची घरची भाषा कानडी, शाळेची मराठी आणि विज्ञानाच्या पुस्तकांची इंग्रजी. अशा मुलाचे पहिल्या सत्रांत दोन विषय राहिले, तर तें घरीं सांगावयाचें कोणत्या भाषेंत? "सत्र", "विषय राहणें" हे शब्दच आईच्या कानावरून कधीं गेलेले नसतात. बापानें ऊसबिलाच्या भरंवशावर फी भरलेली असते. मग मुलगा गप्प होतो. रात्रीं झोंप नाहीं, सकाळीं उठवत नाहीं, डोकें जड, छातींत धडधड. आपल्याकडे मनाचें दुखणें बहुधा देहाच्या वाटेनेंच बाहेर पडतें. घरचीं माणसें त्याला दवाखान्यांत नेऊन सलाईन लावतात. तेवढ्यानें उतार पडला नाहीं, तर देवऋषीकडे जातात. त्यांत त्यांचा दोष तो काय? ज्या दुखण्याला घरांत नांवच नाहीं, त्याचा वैद्य कोठें शोधावयाचा?

हा सारा बदल पहिल्यानें ज्याच्या दृष्टीस पडावा, तो वर्गांतील शिक्षक. परंतु त्याची स्वतःची स्थिति काय असते? महाराष्ट्रांतील कितीतरी महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षक वाहतात. जेवढे तास, तेवढें मानधन. सुट्टींत तेंही नाहीं. आणि पुढच्या वर्षीं नेमणूक होईल कीं नाहीं, हें जूनपर्यंत ठाऊक नाहीं. नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेला, पीएच. डी. केलेला चाळिशीचा माणूस सकाळीं एका गांवीं आणि दुपारीं दुसऱ्या गांवीं तास घेऊन रात्रीं घरीं येतो. लग्नाच्या बैठकींत "नोकरी कायम आहे का?" ह्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसतें. कायम नेमणुकीच्या प्राध्यापकाचें दुःख निराळें; त्याचा दिवस परीक्षेचीं कामें आणि मूल्यांकनाचे कागद ह्यांत बुडालेला असतो. अशा माणसांकडून मुलांच्या व्यथा शांतपणें ऐकून घेण्याची अपेक्षा करणें म्हणजे कोरड्या आडांत पोहरा सोडणें होय.

प्रश्न किती मोठा आहे, हें सरकारी आंकड्यांवरूनच दिसतें. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत १,७०,९२४ लोकांनीं आत्महत्या केली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते, आणि विद्यार्थ्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रांतील होती. जे जगले पण आंतून खचले, त्यांची गणती ह्यांत नाहीं. कायदा मात्र आतां सुधारला आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७, हा २०१८ च्या मे महिन्यांत अंमलांत आला. जीव देण्याचा यत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें तो धरून चालतो, आणि त्याची काळजी घेण्याचा भार सरकारवर टाकतो. पुढें २५ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा केली कीं, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनें निदान एक शिकलेला समुपदेशक नेमावा, आणि सर्व शिक्षकांस व कर्मचाऱ्यांस वर्षांतून दोनदां ह्या विषयाचें शिक्षण द्यावें.

आज्ञा उत्तम आहे. धास्ती एवढीच कीं, तासिकेवरच्याच एखाद्या शिक्षकाच्या खोलीवर "समुपदेशन कक्ष" अशी पाटी लागेल आणि तेथेंच सारें संपेल.

तथापि खेड्यांत हें काम होऊं शकत नाहीं, असें मानावयाचें कारण नाहीं. बळ्ळारी जिल्हा येथून फार दूर नव्हे. बंगळूरच्या निम्हान्स ह्या संस्थेनें १९८० नंतरच्या दशकांत तेथील साध्या आरोग्यकेंद्रांतील डॉक्टरांस व सेवकांस शिकवून तयार केलें आणि मानसिक आजारांवर गांवांतल्या गांवांत उपचार होऊं शकतात, हें दाखविलें. त्याच नमुन्यावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. जें कंपाउंडरला शिकतां आलें, तें प्राध्यापकाला शिकतां येणार नाहीं काय?

शिकावयाचें फार अवघड नाहीं. रोज पहिल्या बांकावर बसणारा मुलगा मागें जाऊं लागला, मेसचा डबा परत जाऊं लागला, जपून ठेवलेल्या वस्तु तो मित्रांस वाटूं लागला, तर त्याला एकट्याला गांठून सरळ विचारावें. मरणाचे विचार येतात का, असें विचारल्यानें ते विचार मनांत रुजतात, ही समजूत खोटी आहे; उलट विचारणारें कोणी भेटलें कीं, ओझें हलकें होतें. उपदेश मात्र करूं नये. "आमच्या वेळीं आम्ही चालत शाळेला जात होतों" हें वाक्य तर कटाक्षानें टाळावें. आणि असा विचार मनांत आहे असें कळलें, तर त्याला एकटें न सोडतां सोलापुरास मानसोपचार-तज्ज्ञाकडे स्वतः घेऊन जावें. हाच न्याय शिक्षकांच्या खोलींतही लागू आहे. सहकाऱ्याची चौकशी केवळ रजेच्या अर्जापुरती नसावी, आणि त्याचें मानधन वेळेवर मिळेल हें संस्थेनें पाहावें. रिकाम्या खिशाला दिलेलें समुपदेशन फार काळ टिकत नाहीं.

रात्रीं-अपरात्रीं कोणीच जवळ नसेल, तर १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहींत, दिवसरात्र केव्हांही बोलतां येतें, मराठींत बोलतां येतें आणि कानडींतही. हा क्रमांक प्राचार्यांच्या दालनाबाहेरील कांचेच्या पेटींत लावून उपयोग नाहीं. दुपारचा शेवटचा तास संपल्यावर मुलें-मुली एस. टी. ची वाट पाहत उभीं असतात, तेथल्या भिंतीवर तो ठळक आंकड्यांत, दोन्ही लिपींत, रंगवून घ्यावा.