रेघ सांगते किती, कसली ते नाही

१९२८ साली न्यूयॉर्कच्या एम्बसी थिएटरात विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञानं काही नर्तकींना ग्रेटा गार्बोचा चित्रपट दाखवला. त्यांच्या दंडाला रक्तदाब मोजण्याचं यंत्र बांधलेलं होतं. कोणत्या प्रसंगाला कुणाचा रक्तदाब चढतो, याची तो नोंद घेत होता. पुढे ‘वंडर वुमन’ हे पात्र निर्माण केलं, तेही यानंच.

आता बोटांना दोन छोटे सेन्सर लावतात. मन उत्तेजित झालं की तळहातावरच्या घर्मग्रंथी जाग्या होतात, त्वचेतून वीज थोडी सहज वाहू लागते आणि एक ते तीन सेकंदांत संगणकावरची रेघ वर चढते. टीआरपीच्या मीटरला कोणतं चॅनल लागलंय आणि समोर कोण बसलंय, एवढंच कळतं. सेन्सरला त्या माणसाची खळबळ कळते. प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीनं २०११ साली मेंदूलहरी मोजणारी न्यूरोफोकस कंपनी विकत घेतली, ती उगाच नव्हे.

पण ही रेघ खळबळ किती ते सांगते, कसली ते सांगत नाही. आनंद, भीती, संताप, तिन्हींचा घाम सारखाच. मग नुसत्या रेघेकडे पाहून कार्यक्रम बेतणारा निर्माता कोणता रस्ता धरेल? माणसाला हसवण्यापेक्षा घाबरवणं सोपं. उलट, संथ गाणं ऐकताना आपण निवतो, तेव्हा रेघ खाली येते. कंटाळलेल्याचीही तशीच येते.

म्हणून मी म्हणतो, रेघ जरूर काढा. पण ‘काय वाटलं?’ हे त्या माणसालाही विचारा.